विश्वासचे की विश्वासाचे?

इंग्रजी भाषेच्या अभ्यासकांमध्ये एक तंटा फार दिवसांपासून चालत आला आहे. ज्या विशेषनामाच्या अखेरीस 'स' हा वर्ण येतो, त्याची षष्ठी साधताना ॲपॉस्ट्रॉफीचे चिन्ह देऊन पुढे आणखी एक 'स' जोडावा, की नुसत्या चिन्हावर भागवावे, हा तो तंटा. प्रोफेसर स्ट्रंक यांनी १९१८ साली आपल्या विद्यार्थ्यांसाठी लेखननियमांचे जे चिमुकले पुस्तक छापले, त्यातील पहिलाच नियम या प्रश्नावर आहे आणि तो जादा 'स'च्या बाजूचा आहे. परंतु येशू आणि मोझेस यांच्यासारख्या प्राचीन नावांना त्यांनीही सूट देऊन ठेवली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात २००६ साली कॅन्सस राज्याचा एक मुकदमा निकालात निघाला, तेव्हा बहुमताचे निकालपत्र लिहिणाऱ्या न्यायमूर्ती थॉमस यांनी त्या राज्याच्या षष्ठीत एकच 'स' ठेवला आणि विरोधी मत नोंदविणाऱ्या न्यायमूर्ती सूटर यांनी दोन ठेवले. म्हणजे कायद्याइतकाच व्याकरणावरही त्या न्यायासनाचा मतभेद झाला. पुढल्याच वर्षी आर्कन्सॉ राज्याच्या विधिमंडळाने आपल्या राज्याच्या नावापुढे जादा 'स' लिहिणेच शुद्ध होय, असा रीतसर ठराव मंजूर केला. यातील मौज अशी की, त्या राज्याच्या नावाच्या अखेरचा मूळ 'स' कोणी उच्चारतच नाही.

हे वाचून आपण हसतो आणि आपली भाषा असल्या खटल्यातून मुक्त आहे, अशा समाधानात राहतो. वस्तुतः हाच खटला आपल्याही दप्तरी पडून आहे. तो दाखल करून घेण्याची तसदी मात्र फारसे कोणी घेतलेली नाही. विश्वास, विलास, उल्हास, कैलास, सुहास, विकास, श्रीनिवास, देवदास ही 'स'कारान्ती नावे आमच्या हिंगोली जिल्ह्यातील कोणत्याही शाळेच्या हजेरीपटावर सापडतील. यांतल्या विश्वास नावाच्या मुलाचे पुस्तक हरवले, तर ते विश्वासचे पुस्तक हरवले म्हणावे की विश्वासाचे? व्याकरणाच्या जुन्या शिस्तीप्रमाणे 'विश्वासाचे' हेच रूप सिद्ध होते. परंतु 'विश्वासाचे पुस्तक' म्हटले की ऐकणाऱ्याला एखादा भरवशाचा ग्रंथ आठवतो आणि त्या मुलाचा विसर पडतो. 'विकासाचा आराखडा' जिल्हाधिकारी कचेरीत तयार होतो आणि 'विकासचा आराखडा' विकास नावाच्या मुलाने भूगोलाच्या वहीत काढलेला असतो. मुलींच्या नावांत हा भेद अधिकच स्वच्छ दिसतो. कवितेची वही आणि कविताची वही या दोन निरनिराळ्या वह्या आहेत. गीतेचा अध्याय आणि गीताचा भाऊ यांत कोणाचाही घोटाळा होत नाही. मुलाच्या उत्तरपत्रिकेत 'गीताचा भाऊ' असे आलेले पाहून 'ता'खाली लाल शाईची रेघ ओढणारे आणि समासात 'गीतेचा' असे लिहिणारे शिक्षक आजही आहेत. ते व्याकरणाला स्मरून वागतात हे खरे, परंतु त्या मुलाने भाषेला स्मरून जे लिहिले, ते त्यांच्या ध्यानी येत नाही.

प्रश्न समजावयाचा तर सामान्यरूप म्हणजे काय, हे थोडे खोलात जाऊन पाहिले पाहिजे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापले, मोरो केशव दामल्यांनी १९११ साली आपला बृहद्ग्रंथ सिद्ध केला आणि या पंचाहत्तर वर्षांत मराठी नामाला प्रत्यय लागण्यापूर्वी जो विकार होतो त्याची बारकाईने छाननी झाली. घोडा या शब्दाला 'चा' सरळ लागत नाही. आधी घोड्याचे 'घोड्या' व्हावे लागते. दगडाचे 'दगडा' होते, वाटेचे 'वाटे' होते. अकारान्त पुल्लिंगी नामाच्या अंती येणारा हा 'आ' म्हणजे संस्कृत षष्ठीच्या 'स्य' प्रत्ययाचा प्राकृताच्या घाण्यातून झिजून उरलेला अवशेष होय, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. रामस्य या रूपाचे रामस्स झाले आणि पुढे तो सकारही विरून 'रामा' एवढेच उरले. म्हणजे 'रामाचा' या रूपात षष्ठी दोनदा आली आहे. एकदा झिजलेल्या सकाराच्या रूपाने, आणि तिची ओळख पुसली गेल्यावर पुन्हा 'चा'च्या रूपाने. इंग्रजाने आपला सकार जपून ठेवला आणि त्यापायी न्यायासनापर्यंत भांडण नेले. आपण तो गमावला आणि त्याच्या जागी असा प्रत्यय घेतला की जो मालकाकडे पाहून मालकाला वाकवितो आणि मालमत्तेकडे पाहून स्वतः वाकतो. विश्वासचा घोडा, विश्वासची गाय, विश्वासचे वासरू. स्वामी आणि स्वत्व या दोहोंच्या मध्ये उभा राहून दोहोंशी बोलणारा हा प्रत्यय एखाद्या कसलेल्या दुभाष्याइतका चतुर आहे.

आता कोणते प्रत्यय नावाला वाकवितात आणि कोणते त्याला सरळ राहू देतात, हे नीट ऐकले म्हणजे एक गोष्ट उघड होते. कळमनुरी तालुक्यात आखाडा बाळापूर म्हणून मोठी बाजारपेठ आहे. तेथला माणूस 'बाळापूरचा' असतो, आपण 'बाळापूरला' जातो, परंतु पोचल्यावर 'बाळापुरात' असतो. आणि जुन्या वळणाने पत्र लिहिणारा 'बाळापुरास गेलो होतो' असे लिहितो. नाव तेच आणि बोलणाराही तोच असता 'चा' आणि 'ला' यांच्यापुढे पूर ताठ उभा राहतो, तर 'त' आणि 'स' यांच्यापुढे तो वाकतो. इतका की आपल्यातला दीर्घ ऊकारही ऱ्हस्व करून घेतो. याचे कारण ध्वनीत आहे. 'चा' आणि 'ला' यांच्यापाशी स्वतःचा स्वर आहे, ते आपल्या पायांवर उभे राहू शकतात. 'त' आणि 'स' हे उच्चारात निव्वळ व्यंजन आहेत. त्यांना टेकण्यासाठी मागल्या शब्दाने एखादा स्वर पुढे केल्यावाचून त्यांचा उच्चारच होत नाही. कैलास या नावाला न वाकविता 'स' लावून पाहावा: 'कैलासस'. जीभ अडखळते आणि एकतर 'कैलासास' म्हणते, नाहीतर सरळ 'कैलासला' म्हणून सुटका करून घेते. इंग्रजाची अडचणही मुळात हीच आहे, की दोन सकार एकापुढे एक आले असता मध्ये स्वराची सोय करावी किंवा दुसऱ्याला रजा द्यावी. सबब, जेथे जिभेची सक्ती आहे तेथे नियमाचा प्रश्न उद्भवतच नाही. जेथे सक्ती नाही, जेथे 'विश्वासचे' आणि 'विश्वासाचे' ही दोन्ही रूपे विनासायास उच्चारता येतात, तेथे समाजाने या मोकळीकीचा उपयोग कशासाठी केला, एवढाच विचार शिल्लक राहतो.

माझे म्हणणे असे आहे की, समाजाने तिचा उपयोग माणसाचे नाव राखण्यासाठी केला. कालिदास हे 'स'कारान्ती नाव घ्यावे. 'कालिदासाचे शाकुंतल' असेच आपण म्हणतो; 'कालिदासचे शाकुंतल' हे कानाला उपरे वाटते. परंतु गल्लीत कालिदास नावाचा वाणी असेल तर त्याचे 'कालिदासचे दुकान' असते. एक कालिदास सर्वांचा झाला आहे, दुसरा अद्याप आपल्या घरच्यांचा आहे. जो माणूस सार्वजनिक ठेवा होतो, त्याचे नाव भाषा सामान्य नामाप्रमाणे हाताळू लागते, वाकविते, मुरविते. परकीयांनाही हाच न्याय लागू पडतो. शाळेत आपण 'कोलंबसाने' अमेरिका शोधून काढली असे शिकलो आणि 'सॉक्रेटिसाने' विषाचा पेला घेतला असे वाचले. मार्क्सचे मात्र 'मार्क्साचे' कोणी केले नाही, कदाचित त्याच्या नावाभोवतीचे वाद अजून थंड झाले नाहीत म्हणून!

याचे सर्वांत सुंदर उदाहरण आमच्याच जिल्ह्याच्या मातीतले आहे. कयाधू नदीच्या काठावरील नर्सी हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून पूज्य मानले जाते. १२७० साली जन्मलेल्या या पुरुषाची पदे पंजाबात पोचली आणि त्यांतील एकसष्ट गुरुग्रंथसाहेबात समाविष्ट झाली. त्यांच्या घरी वाढलेल्या जनाबाईने आपली नाममुद्रा करताना स्वतःला 'नामयाची' म्हटले. नामा या नावाचे 'नामया' हे सामान्यरूप आजच्या मराठीत 'नाम्या' असे झाले असते, आणि 'नाम्याची' म्हटले की आपल्या कानाला त्यात तुच्छता ऐकू येते. कारण गण्या, बाळ्या, नाम्या ही रूपे आपण मुलांना दटावण्यासाठी राखून ठेवली आहेत. परंतु जनाबाईच्या मुखात त्या वाकलेल्या नावात केवढे लडिवाळपण आहे! नाव वाकविण्यात जवळीक आहे आणि अवमानही आहे. कोणाचे नाव कोण वाकवितो, यावर ते ठरते. देवाचे नाव आपण निःशंक वाकवितो. नागनाथाचे दर्शन घेतो, रामाचे भजन करतो, सीतेचा वनवास ऐकतो. देवाला अवमानाचे भय नाही.

माणसाला ते आहे, आणि जुन्या समाजाने त्यावर तोडगा काढलेला होता. नावापुढे राव, बाई, पंत, बुवा, अप्पा अशी एक ढाल लावीत, आणि जे काही वाकणे असेल ते त्या ढालीच्या अंगावर जाई. विश्वासरावांचे, गंगाबाईंचे, गोविंदपंतांचे या रूपांत मूळ नावाला धक्का लागत नाही. ज्यांना ती ढाल लाभली नव्हती, अशा गोरगरिबांची आणि पोरासोरांची नावे सरसहा वाकविली जात. म्हातारी माणसे आजही 'गोविंदाच्या घरी' म्हणतात, तेव्हा त्या गावात गोविंदाचे नावही विहिरीप्रमाणे सामाईक होते, याची साक्ष पटते. पुढे राव आणि बाई गळून पडले. शाळेत आणि कचेरीत सगळेच नुसत्या नावाने ओळखले जाऊ लागले. ढाल गेली आणि उघड्या नावाचे रक्षण कसे करावे, हा प्रश्न पडला. तेव्हा भाषेने नाव न वाकविण्याचा मार्ग पत्करला. 'विश्वासचे' या रूपात जो ताठरपणा आपल्याला जाणवतो, तो गळालेल्या 'रावा'चे काम करीत आहे. शुद्धतेचे अभिमानी ज्याला भाषेची शिथिलता म्हणतात, ते शिष्टाचाराचे नवे रूप आहे, असे मला वाटते.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो सहज उडवून लावण्याजोगा नाही. तो असा की, ही सगळी हिंदीची छाया आहे. हिंदीत राम वाकत नाही, सीता वाकत नाही, तेथे नाव तसेच ठेवून पुढे 'का' किंवा 'की' जोडतात, आणि सिनेमा, बाजार व आकाशवाणी यांच्या मार्गाने तीच सवय मराठीला जडली. आमच्या भागात तर हा आक्षेप दुप्पट जोराने करता येईल. कारण १९४८च्या सप्टेंबरपर्यंत येथे निजामाची अमदानी होती, सरकारी कामकाज उर्दूत चाले आणि हिंगोलीच्या पेठेत दखनी अजूनही मराठीच्या खांद्याला खांदा लावून बोलली जाते. परंतु या आक्षेपाला त्याच उदाहरणांत उत्तर आहे. हिंदीत ग्रंथाची गीता आणि शेजारची गीता या दोघींची षष्ठी एकच होते. हिंदी दोघींनाही वाकवीत नाही. मराठी ग्रंथाला वाकविते आणि मुलीला वाकवीत नाही. जो भेद सावकारापाशीच नाही, तो आपण त्याच्याकडून उसना आणला असे कसे म्हणता येईल? हिंदीच्या शेजाराने 'गीताचा' हे रूप कानाला सुसह्य झाले असेल. त्याला अर्थ मात्र मराठीनेच दिला.

गावांच्या नावांची गोष्ट थोडी निराळी आहे आणि तेथे मी इतका उदार होऊ शकत नाही. औंढा, हट्टा, कुरुंदा, डोंगरकडा ही आमच्याकडील आकारान्ती गावे. औंढ्याची यात्रा, हट्ट्याचा रस्ता, कुरुंद्याची माणसे, डोंगरकड्याची केळी, असे येथला लहान मुलगाही बोलतो. ती रूपे त्याला कोणी शिकवावी लागत नाहीत. गाव सर्वांच्या तोंडी असते, ते कोणा एकाच्या अब्रूचा विषय नसते, म्हणून ते वाकते. अमेरिकेच्या भौगोलिक नामांच्या मंडळाने गावा-डोंगरांच्या नावांतून षष्ठीचे चिन्हच काढून टाकण्याचे धोरण १८९० पासून चालविले आहे. डोंगरावर नावापुरतीही कोणाची मालकी सूचित होऊ नये, हा त्यातला भाव आमच्या कुरुंद्याच्या माणसाला पटण्यासारखा आहे, जरी त्याचा मार्ग बरोबर उलटा असला. परंतु पाटीवर, पावतीवर आणि अर्जाच्या नमुन्यात 'औंढाचे', 'कुरुंदाचे' अशी रूपे आता दिसू लागली आहेत. येथे रक्षण करावे असे काही नाही. येथे केवळ छापील अक्षराला हात लावण्याची भीती आहे.

या भीतीचे मूळ आमच्या दप्तराच्या भाषेत सापडते. जमिनीच्या कागदावर 'मौजे कुरुंदा, तालुका वसमत' असे लिहितात. या 'मौजे'तला एकार फारसी षष्ठीचा आहे. 'मौजा' म्हणजे गाव आणि 'मौजे कुरुंदा' म्हणजे कुरुंद्याचे गाव. 'कसबे' आणि 'किल्ले' ही रूपेही त्याच साच्यातली, आणि जुन्या दस्तांत बाईच्या नावापुढे नवऱ्याचे नाव जोडणारे 'जौजे' हेही त्यांचेच भावंड. फारसीत मालमत्ता आधी येते, मालक मागून येतो आणि मालकाच्या नावाला काहीच होत नाही. तलाठ्याच्या दप्तरात मालकी सांगण्याचे काम फारसीने असे आधीच उरकून टाकल्यामुळे मराठी नावाला वाकण्याची गरज पडली नाही. फारसी गेली, मौजे राहिले, आणि नाव कागदावर वाकत नसते, हा समज मात्र कारकुनाच्या हाडीमाशी खिळला. त्यावर त्याने आपली युक्तीही शोधली: 'कुरुंदा येथील रहिवासी श्री. विश्वास यांचे नावे'. गावापुढे 'येथील' आणि माणसापुढे 'यांचे' घातले की दोन्ही नावे कोरी राहतात आणि चुकीची जबाबदारी कोणावरच येत नाही. लग्नपत्रिका छापणाऱ्यांनीही हीच युक्ती उचलली आहे. ती निरुपद्रवी आहे, कधीकधी सोयीचीही आहे. पण तिने लिहिलेली मराठी बोलून पाहावी, म्हणजे तोंडात खडे आल्यासारखे होते.

दप्तराने घडविलेल्या जोडनावांना अर्थातच वेगळे मोजले पाहिजे. औंढा नागनाथ हे तालुक्याचे नाव आणि नर्सी नामदेव हे गावाचे नाव, ही दोन्ही संपूर्ण घेतली असता वाकत नाहीत. नागनाथाचे पुजारी असतात आणि औंढा नागनाथचे तहसीलदार असतात. नामदेवांचे अभंग असतात आणि नर्सी नामदेवचा सरपंच असतो. देव आणि संत हे वाकण्यातून आपले, आणि त्यांच्याच नावाचा सरकारी घटक मात्र ताठ! बोलताना लोक या जोडनावांचा अर्धा भाग गाळून 'औंढ्याला' आणि 'नर्सीला' जातात, हे सांगण्याची गरज नाही. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले ते 'वसमत हळद' या नावाने. व्याकरणदृष्ट्या हा षष्ठी तत्पुरुष निर्दोष आहे, राजपुत्र आणि देवघर यांच्या पंक्तीत तो बसतो. तरी मोंढ्यात कोणी 'वसमतची हळद' म्हणाला, तर त्याला सुधारण्याचा अधिकार प्रमाणपत्राला पोचत नाही.

राहता राहिली आडनावे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या लेखननियमांत एक कलम असे आहे की, एकारान्त नामाचे सामान्यरूप याकारान्त करावे, म्हणजे 'करणेसाठी' न लिहिता 'करण्यासाठी' लिहावे आणि 'फडकेंना' न लिहिता 'फडक्यांना' लिहावे. यांतील पहिला भाग कचेरीच्या भाषेवर नेमके बोट ठेवणारा आहे आणि तो बजावला गेला तितका थोडाच. दुसऱ्या भागाविषयी मात्र मला शंका आहे. जोशी हे आडनाव घ्यावे, ज्यावर त्या कलमाचा अंमल चालत नाही, कारण ते ईकारान्त आहे. 'जोश्यांचा वाडा' असे आपण म्हणतो आणि 'जोशींचे भाषण' असेही म्हणतो. वाडा कुळाचा असतो, तो सगळ्या जोश्यांचा. भाषण एका गृहस्थाचे असते. भाषेने आपणहून पुन्हा तोच निवाडा केला आहे, जो तिने कालिदासाच्या आणि कालिदासच्या बाबतीत केला होता. हा निवाडा ग्राह्य धरला तर 'फडक्यांचा वाडा' आणि 'फडकेंचे भाषण' या दोन्ही रूपांना जागा द्यावी लागते, आणि ज्याने 'गोखलेंचे पत्र आले' असे लिहिले त्याला अशुद्ध ठरविता येत नाही. महामंडळाचे ते कलम 'करणे'पुरते ठेवावे, गावांच्या नावांपर्यंत वाढवावे, आणि जिवंत माणसांची आडनावे त्यातून वगळावीत. तोवर उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांनी 'औंढाचे'खाली लाल रेघ ओढावी आणि 'विश्वासचे' दिसले तर पुढल्या ओळीकडे वळावे.